सरूमायचा कापूस

आमची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, तेव्हा उत्तरेच्या सरहद्दीवर होती. मी हवालदार, एका तोफेचा नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा प्रमुख. गोळा भरायला गनर ज्ञानोबा. घनसावंगी तालुक्यातला, माझ्याच गावचा, माझ्याच आळीतला. कानासाठी सरकारी बुचं मिळायची, पण आमच्या तोफेवर कानात जायचा तो ज्ञानोबाच्या आईच्या शेतातला कापूस. सरूमाय दर सुट्टीला सरकी काढून पुरचुंडी बांधून द्यायची. "तोफा फोडा रे, कान फोडून घेऊ नका," म्हणायची. पंजाबी असो की तमिळ, सगळी पोरं जालन्याचाच कापूस घालायची.

तोफ बोलायला लागली की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून नंबर वन सगळ्यांना दिसेल असा उभा राहतो. ओठांनी हुकूम, हाताने खूण. हात वर म्हणजे रेडी, हात खाली म्हणजे फायर. पोरं माझ्या तोंडाकडे बघून काम करायची. ज्ञानोबा तर माझी शिवीसुद्धा ओठांवरून वाचायचा आणि हसायचा. सुट्टीवर आला की अंगणात मायला तीच खूण करून दाखवायचा. माय तेव्हाच कमी ऐकायची. जिनिंगच्या मशीनपाशी मजुरी करून करून तिचे कान गेल्ते. मायलेकांचं निम्मं बोलणं ओठांवरच चालायचं.

त्या दिवशी सकाळपासून फायर चालू होता. पुढच्या चौकीत आपले जवान अडकलेले आणि दुश्मन त्यांच्या काटेरी तारेपर्यंत आलेला. वायरलेसवर तिथून नेम सांगणाऱ्या साहेबांचा आवाज तुटत होता.

"से अगेन!" मी ओरडलो.

नुसती खरखर. आकडा चुकला तर गोळा आपल्याच पोरांवर पडणार. मी उजव्या कानातला कापूस उपसून काढला आणि हँडसेट लावला.

"ड्रॉप शंभर. फायर."

"ड्रॉप शंभर. रॉजर." म्हणजे मारा शंभर मीटर अलीकडे.

पुढचे सगळे हुकूम त्याच उघड्या कानाने घेतले. चौकी वाचली, कान गेला. लोक म्हणतात, दत्तारावांनी कान गमावला. गमावला कशाला? दिला. बराबर ठिकाणी दिला.

मग समोरून उलट फायर आला. एक गोळा आमच्या मागेच फुटला. ज्ञानोबाच्या हातात पुढचा गोळा होता. लोडरने गोळा टाकायचा नसतो. त्याने तो हळूच खाली ठेवला आणि मग स्वतः पडला, तो कायमचाच. असा गडी होता. त्याचा नंबर वन मी होतो, हे मी आजही छाती काढून सांगतो.

आता मी गावात असतो. उजवा कान बंद, डाव्यात मशीन. पारावरचे टवाळ विचारतात, "दत्ताभाऊ, रेडिओ लागला का?" मी म्हणतो, "लागला. फक्त गाढवांचं स्टेशन पकडत न्हाई." अंघोळीआधी मशीन काढायचं, पुसून कोरडं ठेवायचं. रायफलीसारखी निगा राखली तरच ते साथ देतं. दुसरा दुश्मन म्हणजे मळणीचा गर्दा. तुरीचं भुसकट उडालं की शिंका, डोळ्याला पाणी, घसा सुजतो. म्हणून तोंडाला ओला रुमाल, घरी आलो की आधी अंघोळ, नंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. त्याशिवाय बायको, आमची मंगल, चहाच देत नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की चौकात ज्ञानोबाच्या स्मृतिस्तंभापुढे हजेरी होते. मी परेडच्या आवाजात हाक मारतो, "गनर ज्ञानोबा!" सगळं गाव म्हणतं, "हाजिर!" सरूमाय समोर खुर्चीवर बसलेली असते. एकदा ती म्हणाली होती, "दत्ता, आता मला कुणाचंच ऐकू येत न्हाई. वर्षातून एक डाव लेकराचं नाव ऐकू येतं, ते तुझ्या तोंडून."

आणि यंदा नेमका आवाज बसला. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर सूज आणि गाठ.

"महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. ओरडलात तर आवाज परत येईल याची खात्री देणार नाही."

"ऐकलं ना?" मंगल बाहेर आल्यावर म्हणाली. "कान दिला देशाला. गळा मी देऊ देणार न्हाई, सांगून ठेवते!"

सरपंच म्हणाले, भोंगा लावू. पण आमच्यासारख्या कानांना भोंगा म्हणजे नुसता कल्ला. माय म्हणाली, "त्यातलं मला काय बी समजत न्हाई." मी मनात पक्कं केलं होतं. ओरडायचं. आवाज गेला तर गेला, मायला नाव ऐकू आलंच पाहिजे.

सव्वीसला मेडल लावून स्तंभापुढे उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. पहिल्या रांगेतून मंगल डोळे वटारून बघत होती. आणि माय माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी तोफेवरच्या पोरांसारखी, पापणी न हलवता.

अरे! मायला ओठ वाचता येतात. लेकानेच तर सवय लावली होती.

मी भरलेला श्वास सोडला. हात वर केला. रेडी. आवाज न काढता, फक्त ओठांनी, सावकाश म्हणालो, गनर ज्ञानोबा. आणि हात खाली आणला.

माय खुर्चीचा दांडा धरून उठली आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी ओरडली,

"ज्ञानोबाऽऽ!"

"हाजिर!" अख्खं गाव गरजलं. डाव्या कानातलं मशीन कर्रकर्र वाजलं, इतकं. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ती गर्द्याने नव्हती.

माय जवळ आली. "इतक्या वर्षांत मी त्याला हाक मारलीच न्हाई रे दत्ता. तूच मारायचास." तिने पदराच्या गाठीतून कापूस काढला, चिमूटभर स्तंभाच्या पायरीवर ठेवला आणि उरलेला माझ्या हातात दिला. मी सॅल्यूट केला.

आवाज आता हळूहळू येऊन राह्यलाय. पण यापुढे हजेरी मायच घेणार. मी उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहणार आणि ज्ञानोबाच्या वतीने सगळ्यात आधी "हाजिर" म्हणणार.