नाकाला न सापडलेला वास

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मसाला दळणाऱ्या एका गाळ्यात शकुच्या नाकाला जो मान होता, तो खुद्द शेठच्या सहीलाही नव्हता. पोतं उघडलं की शकु मूठभर माल तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची. "खोबरं खवट आहे, परत पाठवा." बस्स. शेठने एकदाच वाद घालून तसाच माल दळला होता, आणि दुकानदारांनी अख्खा माल त्याच्या दारात आणून टाकला होता. तेव्हापासून तो शकुच्या नाकाच्या वाटेला जात नसे.

हे नाक तयार झालं माहुलला. तिथे हवेत बारा महिने रिफायनरीच्या तेलाचा उग्र दर्प, पण त्यातूनही बाप गल्लीच्या तोंडाशी आला की पोरीला कळायचं, आज दारू किती झालीय. ती आईला खूण करायची आणि आई धाकट्यांना शेजारी पाठवून द्यायची. बाप शेवटी पिवळा पडून, पोट फुगून गेला. शकु तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिने अट एकच घातली, "काळा चालेल, बुटका चालेल, पिणारा नको."

भीमराज काळाही निघाला आणि बुटकाही. पण दारूच्या थेंबाला शिवलेला नव्हता. जालन्याकडचा हा गडी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि दर रविवारी विहारात पुढे बसून पंचशील सांगायचा. तो एकेक शील सांगणार, बाकीची मंडळी मागून म्हणणार. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते सांगताना त्याचा आवाज जरा जास्तच चढायचा आणि शकुची मान जरा जास्तच ताठ व्हायची. एकतीस वर्षं सुखात गेली.

मग गेल्या पावसाळ्यानंतर भीमराज थकायला लागला. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीपर्यंत जिना चढताना दोनदा टेकायचा. मुलगी दर्शना मागे लागली म्हणून सोनोग्राफी झाली. जवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्म्यावरून भीमराजकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षं घेताय?"

"काय?"

"दारू हो. लिव्हर खडबडीत झालंय. सिऱ्होसिसची सुरुवात आहे."

"मी पीत नाही, डॉक्टर."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

झालं. दीड मिनिटात त्या माणसाने एकतीस वर्षांच्या संसाराला चूड लावली. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, डॉक्टरला काय कळतंय. शकुला तसं म्हणता येईना. लिव्हर कशाने जातं ते तिने घरात पाहिलं होतं. तिच्या हिशेबी त्या दुखण्याला कारण एकच, आणि ते बाटलीत मिळतं.

मग सुरू झाली तपासणी. भीमराज न्हाणीघरात गेला की शकु त्याच्या डब्याच्या पिशवीत नाक घालायची. पाण्याची बाटली उघडून हुंगायची. शर्टाची कॉलर, रुमाल, हत्यारांची पेटीसुद्धा सोडली नाही. ग्रीस, लोखंड, घाम, डब्यातल्या मेथीचा उरलेला वास. बाकी काही नाही. जे नाक दोन पोत्यांपलीकडची बुरशी ओळखायचं, ते चार महिने रोज एकच सांगत होतं, माणूस स्वच्छ आहे. आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच नाकाला खोटं पाडत होती. तिला वाटायचं, वास येत नाही म्हणजे गडी भलताच हुशार झालाय. संशय एकदा मनात शिरला की पुरावा नसणं हाच पुरावा वाटायला लागतो.

सोनोग्राफीची बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? विहारात भीमराज पाचवं शील सांगायला लागला की मागच्या ओळीत कुजबुज व्हायची. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त एका रविवारी समितीचे लोक म्हणाले, "भीमराजदादा, तब्येत सांभाळा, काही दिवस दुसरं कुणीतरी सांगेल." भीमराज हो म्हणाला आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसला. शकुने ते पाहिलं. पण उठून 'माझा नवरा पीत नाही' असं तिला म्हणता आलं नाही, कारण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. तिची आता एकच इच्छा उरली होती. माणूस आजारी असू दे, पण खोटा नको.

शेवटी दर्शनानेच दोघांना अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लिव्हरच्या ओपीडीत नेलं. डॉक्टर गंधाली नावाची पस्तिशीतली बाई. तिनेही दारूचं विचारलं. भीमराज नाही म्हणाला. तिने 'बरं' म्हणून तसं लिहून घेतलं. एवढ्यावरच भीमराजचे डोळे भरून आले.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा उलगडा झाला. भीमराजला हिपॅटायटिस बी होता, तोही बहुधा लहानपणापासून. गावात ताप आला की एक कंपाउंडर यायचा आणि एकाच सुईने आळीतल्या सगळ्या पोरांना टोचून जायचा, हे भीमराजला आठवलं. डॉक्टर म्हणाली, "सगळ्या घराचं रक्त तपासायचं. त्या सुईने आणखी कुणाला टोचलं होतं?"

टोचलं होतं थोरल्या भावाला, घाटकोपरच्या चंद्रप्रकाशला. हे भाऊजी म्हणजे रोज संध्याकाळी क्वार्टर घेतल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, असं प्रकरण. कुरकुर करत आले. पुढच्या आठवड्यात सगळे रिपोर्ट घेऊन डॉक्टरसमोर बसले.

दर्शनाचं रक्त साफ होतं, तिला फक्त लशीचे डोस घ्यायचे होते. शकुने पहिला श्वास सोडला. चंद्रप्रकाशच्या शरीरात विषाणू येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता. लिव्हरही अजून तरी बरं होतं.

"च्यायला!" भाऊजी ओरडले. "म्हणजे पिणारा मी झकास, आणि न पिणाऱ्याची वाट लागली?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. डॉक्टरने त्यांनाही सोडलं नाही. "काका, हा विषाणू हरला म्हणून दारू हरेल असं समजू नका. ती बंद करा." मग ती शकुकडे वळली. "काकू, विषाणू तुमच्याही शरीरात येऊन गेलाय. कधी, ते तुम्हाला कळलंही नाही. तुमच्या शरीराने त्याला हाकलून दिलं."

ज्या दुखण्याचा माग ती नवऱ्याच्या पिशवीत काढत होती, ते तिच्याच अंगात येऊन गेलं होतं, आणि तिच्या नाकाला पत्ता नव्हता.

"मग यांनाच का धरलं?" तिने विचारलं.

"मोठ्यांच्या शरीरातून तो बहुतेक वेळा निघूनच जातो. लहानपणी लागला तर चिकटतो. पण हे दोघे तर एकाच सुईचे." डॉक्टरने बोटांची चिमूट करून दाखवली. "घरात सांडशी असते ना? आपल्या पेशींनाही तशा सांडश्या असतात. विषाणूचा तुकडा पकडून त्या बाहेर दाखवतात, तेव्हा शरीराचे पहारेकरी धावून येतात. सांडशीचा आकार आईवडिलांकडून येतो. एकाच घरातल्या दोन भावांच्या वाट्याला वेगळ्या येऊ शकतात. एकाच्या सांडशीत हे भांडं घट्ट बसतं, दुसऱ्याच्या हातून निसटतं."

"म्हणजे यांच्या सांडशीतून निसटलं?"

"तसं असू शकतं. कुणाला कोणत्या वयात लागला, किती विषाणू आत गेला, हेही असतं. यांच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण हे लिव्हर बिघडायला दारूची गरजच नव्हती. इतक्या वर्षांचा विषाणू पुरेसा आहे."

रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. वेळेवर आलात, सूज उतरेल, लिव्हर पुष्कळसं सावरेलही, डॉक्टर सांगत होती. शकुला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटत होतं. आजार होता, मोठाच होता. पण माणूस खोटा नव्हता. त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

बाहेर दर्शना काकांबरोबर औषधं घ्यायला गेली. बाकावर दोघंच उरले. शकुला आता राहवेना.

"अहो, मला एक सांगायचंय. तुम्ही न्हाणीत गेलात की मी तुमच्या बाटलीचा वास घेत होते."

"माहीत आहे."

"शर्टाचापण."

"तेही माहीत आहे. पेटीतली हत्यारं नीट लावून ठेवत नव्हतीस तू."

शकुने मान खाली घातली. "मग बोलला का नाहीत? भांडायचं तरी."

"काय भांडणार? तुझ्या बापाचं सगळं मला माहीत आहे ना गं. मी कितीही शपथा घेतल्या असत्या, तरी तुझा विश्वास नाकावर." भीमराज चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. "म्हणून मग रोज कामावरून आलो की तसाच, चूळसुद्धा न भरता, तुझ्यासमोर येऊन बोलत उभा राहायचो. अगदी जवळ. हवं तेवढं हुंगून घे म्हटलं."

शकुला त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. दमला-भागला माणूस ओट्यापाशी उभा राहून आज कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली ते सांगत बसायचा. आणि ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "आधी हातपाय धुऊन या. उगाच तोंडाशी येऊन काय बोलता?"