बाबांचं जाम झालेलं रिव्हॉल्व्हर

आई गेल्यावर महिनाभराने बाबांचा ऑफिसात फोन आला. ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर आता पोलिसात जमा करायचं, आणि त्याआधी ते चालतं करायचं, असं म्हणाले.

‘जमाच करायचंय तर चालतं कशाला बाबा? ते लोक तोडून भट्टीत घालणार.’

‘ते त्यांचं काम. जाम झालेलं हत्यार मी कुणाच्या हातात देणार नाही. बिल्कुल नाही.’

मला मीटिंगला उशीर होत होता आणि असल्या हट्टांचा मला मुळातच राग येतो. पण ऐंशी ओलांडलेल्या, नुकतीच बायको गेलेल्या माणसाशी भांडणार किती? शनिवारी येते म्हटलं.

बाबा फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. साताऱ्याकडच्या गावातून भरती झाले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. आई केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं लहानपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. पुढे दोघांनी मयूर विहारच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला, मी लग्न करून गुरुग्रामला आले. रिव्हॉल्व्हर जुनं, विलायती. बाबांनी ते हौसेने परवाना काढून एका निवृत्त साहेबांकडून घेतलं होतं. पुढे मात्र ते कायम ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली आईच्या जुडग्यात. परवान्याच्या नूतनीकरणाला दोघं जोडीने ठाण्यात जायची. कुणीतरी नंबर वाचून परत द्यायचं, की घरी येऊन आई पुन्हा कुलूप घालायची. पस्तीसेक वर्षं हेच चाललं होतं.

शनिवारी गेले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यावर ते काळं धूड. बाबांनी टॉर्च लावून मागच्या फटीतून आत गोळी नाही याची आधी खात्री केली, मग मलाही बघायला लावलं. गोळ्या बसतात ते चाक, त्याला ते सिलिंडर म्हणतात, जागचं हलत नव्हतं. घोडाही हलत नव्हता. फटींमधून तपकिरी काहीतरी घट्ट बसलेलं.

‘ग्रीस आहे जुनं. वाळून लाख झालंय,’ बाबा म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण हत्यारांच्या बाबतीत त्यांना डोळे लागतात कुठे? फटीफटीत तेल सोडलं आणि कपडा गुंडाळून ठेवून दिलं.

‘एक हातोडी घालू का हळूच?’ मी विचारलं.

‘हातोडी तुझ्या ऑफिसात घाल. इथं जोर करायचा नाही.’

मग हात पुसता पुसता त्यांनी मला ते सांगितलं. आवाज असा, की जणू बदलीच्या ऑर्डरबद्दल बोलताहेत.

‘तुला आता सांगायला हरकत नाही. श्रीलंकेच्या लढाईहून परत आलो ना, त्या उन्हाळ्यात मला जगावंसं वाटत नव्हतं.’

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच की बाबा मोठी रजा घेऊन घरी होते आणि शाळेतून आलं की मागच्या व्हरांड्यात रिव्हॉल्व्हर पुसत बसलेले दिसायचे. मला वाटायचं, सवय. न्हाव्याने घरीही वस्तरा परजत बसावं तसं काहीतरी.

‘तिथं टेबलावर बंदुका यायच्या. मला नंबर पाठ. कुठल्या पोराची कुठली, न बघता सांगायचो. बंदूक यायची बेटा, पोरगा यायचा नाही.’ त्यांनी हातातल्या कपड्याची घडी घातली. ‘मग एक दिवस माझीच मला भीती वाटली. ट्रंकेला कुलूप घातलं आणि संध्याकाळी तुझी आई ऑफिसातून आल्यावर किल्ली तिच्या हातात दिली. म्हटलं, घरात पोर आहे, तुझ्याकडे असू दे. तिने काही विचारलं नाही. जुडग्यात अडकवली आणि कुकर लावायला गेली.’

मी तेलाची बाटली बंद करून ठेवली. बाबा पुढे म्हणाले, ‘निदान तिला यातलं काही कळू दिलं नाही मी. एवढं एक बरं केलं.’

आई गेल्यापासून हे अर्धं वाक्य मी त्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, तिला माझ्यामुळे कसला घोर लागू दिला नाही. लोक माना हलवायचे. आता मला कळलं, त्या माणसाने स्वतःला सावरायला हेच एक धरून ठेवलं होतं.

पुढचे काही शनिवार तेलात गेले. मी सकाळी मेट्रोने यायची, बाबा कपडा सोडायचे, अंगठ्याने चाक फिरवून बघायचे आणि पुन्हा तेल सोडायचे. आईच्या स्वयंपाकघरात मी वरणभात करायची. तिचे डबे तिने ठेवलेल्या जागी, आणि तिच्यावरचा माझा जुना राग त्याच्या जागी. हो, राग. ती कधी माझ्याकडे राहायला आली नाही. माझ्या बाळंतपणातसुद्धा नाही! सकाळी डिंकाचे लाडू घेऊन यायची, बाळाला न्हाऊ-माखू घालायची आणि चार वाजले की पर्स काखोटीला मारायची. ‘बाबांचं जेवणाचं बघायचंय.’ बाबांना पलटणीत शंभर माणसांचा स्वयंपाक येत होता! मी रडले, भांडले, एकदा तर तिची चप्पल लपवून ठेवली. तिने माझी घातली आणि गेली. बाकीच्या मुलींच्या आया चाळीस चाळीस दिवस राहायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हिला नवऱ्यापुढे लेक दिसत नाही.

तेलाने काही होईना. तेव्हा बाबा म्हणाले, ‘थोडा शेक देऊन बघू. तुझं ते केस वाळवायचं यंत्र आण.’

पुढच्या शनिवारी मी हेअर ड्रायर नेला. बाबा तो लांबून धरून सावकाश फिरवत होते, मी आत कणीक मळत होते. थोड्या वेळाने घरात वास सुटला. मला आधी वाटलं शेजारच्यांकडे काहीतरी चाललंय. चिक्कीचा पाक होत आला की येतो तसा, खरपूस. मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. बाबांनी ड्रायर बंद केला होता. सिलिंडरच्या फटीतून एक जाड तपकिरी थेंब ओघळून वर्तमानपत्रावर तार धरून उतरत होता.

‘ग्रीसला असा वास नाही येत,’ बाबा म्हणाले.

आणि मी ओरडायच्या आत त्यांनी थेंबाला बोट लावून जिभेवर ठेवलं.

‘गूळ आहे.’

दोघंही त्या थेंबाकडे बघत राहिलो. गुळाचा पक्का पाक. ट्रंक उघडू शकणारं घरात एकच माणूस होतं. तिला हत्यारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पाक कसा बसतो, थंड झाला की काय काय धरून ठेवतो, हे तिला पक्कं माहीत होतं. क्वार्टरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात मी शाळेत असताना कधीतरी तिने तो कढवला असणार आणि आटत ठेवून पळीने आत सोडला असणार.

‘वेडी,’ बाबा म्हणाले. ‘घोड्याची पिन काढून फेकली असती तरी काम झालं असतं.’ त्यांना हसू आलं आणि ते मध्येच थांबलं. ‘तेलाने कसा सुटेल गूळ? पाणी तापव.’

पातेलंभर कढत पाणी आणलं. त्यांनी लाकडी मूठ काढून बाजूला ठेवली आणि बाकी सगळं पाण्यात सोडलं. पाणी चहासारखं झालं. ते बदललं, पुन्हा बदललं. तिसऱ्या पाण्यानंतर बाबांनी अंगठा लावला आणि चाक फिरलं. टक् टक् करत पूर्ण फिरलं. इतके आठवडे या आवाजासाठी घालवले होते. बाबांनी ते कोरडं केलं, तेल दिलं, मूठ बसवली. हात सराईत चालले होते. चेहरा मात्र पार उतरला होता.

‘किल्ली तिच्याचकडे होती,’ शेवटी ते म्हणाले. ‘तरी ओतला. म्हणजे तिला ठाऊक होतं गं.’

 मला चार वाजता पर्स उचलणारी आई दिसत होती. बाबांच्या जिवासाठी धास्तावून घरी पळणारी बाई, आणि मी तिची चप्पल लपवत होते. मी आत जाऊन नळ सोडून रडले.

सोमवारी रजा टाकून बाबांना घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने नंबर ताडून पाहिला, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ‘अंकल, ये तो अभी भी मक्खन चल रहा है.’ बाबांनी मान हलवली, सांगितल्या जागी सह्या केल्या आणि बाहेर आले. मी कॅब बोलावत होते. ते फाटकाशी उभे राहिले.

‘माझं गेलं होतं ते,’ बाबा म्हणाले.

‘काय गेलं होतं?’

‘तेच. त्याच दिवाळीला गेलं. तिच्या चकल्या बिघडल्या, ती सोऱ्यावर चिडली, सोऱ्याला शिव्या द्यायला लागली आणि मला हसू आलं. पोट दुखेस्तोवर हसलो. तेव्हाच कळलं मला, सुटलो. त्यानंतर एकदाही तसलं मनात आलं नाही. शपथेवर सांगतो, एकदाही नाही.’

‘मग सांगायचंत ना तिला!’ मी भर रस्त्यात ओरडले. फाटकावरचा शिपाई वळून बघायला लागला. ‘एकदा तरी सांगायचंत बाबा!’

‘काय म्हणून सांगणार? तिला माहीतच नाही असं धरून चाललो होतो ना मी.’

आईला अग्नी दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते आता फाटकाचा गज धरून हमसून हमसून रडायला लागले, आणि रडता रडता मलाच विचारत राहिले, की मग ती इतकी वर्षं झोपत तरी कधी असेल.