लागवडीची दोरी

"ढगाले जाऊ दे बे, काऊन घाई करून राह्यला?" असं म्हणून तो कॅमेऱ्यावरचा हात काढून घ्यायचा आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून शेंगदाणे खायचा. मी ताटकळत उभा. ढग सरकला की तो उठायचा, आणि त्याचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं यायचं. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. त्याचं कौतुक करताना आपले दात आवळले जातात.

आम्ही दोघं चिखलीजवळच्या एका शेतकी प्रयोगशाळेत होतो. आमचा कॅमेरा जेवणाच्या डब्याएवढा. तो अख्खं झाड एकदम पाहत नाही. सरकत सरकत एकेक रेघ टिपतो, आणि प्रत्येक रेघेत डोळ्यांना न दिसणारे कितीतरी रंग असतात. या रेघा संगणकावर जोडल्या की पान पिवळं पडण्याआधीच रोग कळतो. पण हात हलला की पान वाकडं, वेग चुकला की लांबुळकं. प्रकल्प संपल्यावर दोघांपैकी एकालाच हैदराबादला जागा मिळणार होती. मला ती फार फार हवी होती.

एकदा धाडजवळच्या कपाशीच्या शेतात त्यानं विचारलं, "तुमच्याकडे पऱ्हाटी एका रांगेत कशी लावतेत बे?" मलकापूरच्या कापडदुकानदाराचा मुलगा तो, त्याला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी मी ऐटीत घरची लागवडीची दोरी आणून दाखवली, सारख्या अंतरावर गाठी मारलेली. त्यानं ती झाडांवरून ताणून बांधली आणि वरून कॅमेरा फिरवला.

चित्रात दोरी नागमोडी आली. त्यानं संगणकावर ती सरळ केली, गाठी सारख्या अंतरावर आणल्या, आणि तिच्याबरोबर सगळी पानं जागच्या जागी बसली. मी पाहतच राहिलो. माझ्या घरी खुंटीला लटकलेली दोरी, आणि सुचलं याला!

सरांनी पाठ थोपटली तेव्हा तो म्हणाला, "सर, दोरी याची आहे." सगळे हसले. त्यातही त्याचाच मोठेपणा दिसला. निदान श्रेय चोरलं असतं, तर मला धड भांडता तरी आलं असतं.

जागा अर्थातच त्याला मिळाली.

परवा मी एकट्यानं घेतलेलं चित्र त्याच्या कुठल्याही चित्राहून स्वच्छ आलं. खिजवायलाच पाठवलं त्याला. लगेच उत्तर आलं, "लय भारी! माह्याच्यानं असं कधी झालं नाही बे. इथं साऱ्यांले दाखवलं, तुह्यं नाव सांगून."

मी फोन पालथा ठेवला. मी इतका जळलो त्याच्यावर. त्यानं एकदा तरी माझ्यावर जळायला नको होतं का?