कुटुंबातून वजा झालेली मुलगी

त्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी तिच्या आईचा दाखला गोंदियातल्या एका कार्यालयात टेबलावर होता. कार्यालयाला दिवाळीची सुट्टी होती. तीन दिवसांनी दाखला निघाला. तोपर्यंत चौघांच्या कुटुंबातून ती मुलगी वजा झाली होती.

पोलिसांतल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. कामठ्याकडच्या एका गावातले हे प्रकरण त्यांच्या तुलनेत किरकोळ, अदखलपात्र. तरीही सेवेतल्या कुठल्याही प्रकरणाने मला इतका संताप आणला नाही, आणि त्या संतापातला मोठा वाटा माझा स्वतःवरचा आहे.

मुलीचे वडील राइस मिलमध्ये फिटर होते. हातात कसब होते म्हणून एका कंपनीने त्यांना परदेशात जहाजबांधणीच्या कामावर नेले. पाच वर्षे एकटे राहिल्यावर त्यांना कुटुंब कायम सोबत ठेवण्याची परवानगी मिळणार होती. कुटुंब म्हणजे बायको आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुले. सगळ्यांचा अर्ज एकच. त्यातला एक जरी कागद कमी असला, तर तो दाखल होत नाही. आईसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. बाकी सगळे तयार होते. मुलगी बारावीत, धाकटा भाऊ अकरा वर्षांचा.

पडताळणीचे काम ठाण्यात रोजचेच असते. बीटवरचा जमादार घरी जातो, शेजारच्या दोघांचे जबाब घेतो, गुन्हे नोंदवही पाहतो आणि अहवाल लिहितो. मी सही केली की कागद जिल्हा कार्यालयात जातो. फार तर आठवड्याचे काम.

मला पहिली खबर कुठल्या खबऱ्याने दिली नाही. ती माझ्या पत्नीने दिली. ती त्या मुलीच्या कॉलेजात मराठी शिकवायची. सकाळी जेवताना म्हणाली, "अहो, माझी एक विद्यार्थिनी आहे. तिच्या आईचा कागद तुमच्या ठाण्यात महिन्यापासून पडला आहे म्हणे. जरा बघाल का?"

मी म्हणालो, "ठाण्याच्या गोष्टी घरात नकोत."

तिने वाटीत वरण वाढले आणि विषय सोडला. हा माझा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी ठाण्यात जाता जाता मी मुन्शीला विचारले इतकेच. तो म्हणाला, "त्या बाईविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे, साहेब." मी ठीक म्हणालो. कसली तक्रार, कोणाची, हे विचारले नाही.

अडीच आठवड्यांनी मायलेकी ठाण्यात आल्या. आई दाराशीच थांबली. मुलगी आत आली आणि विचारल्याशिवाय खुर्चीत बसली.

"सर, आईवर गुन्हा काय आहे, तेवढं सांगा."

मी कागद मागवला. तक्रार तिच्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची होती. धानाच्या सामाईक बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला, निंदण चालू असताना भावजय विळा घेऊन अंगावर धावली आणि जिवे मारण्याची धमकी दिली, असा मजकूर होता. खाली बीट जमादाराचा शेरा: 'चौकशी सुरू, अहवाल नंतर.'

मी तो वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, "विळा घेऊन धावली? आई घरातली कोंबडीसुद्धा शेजारच्या काकांकडून कापून आणते. आणि धावलीच असेल तर आमचा विळा तुम्ही जप्त का नाही केला?"

प्रश्न कायदेशीर होता.

दारातून आई म्हणाली, "साहेब, भांडन-बिंडन काई नाई झालं जी. सहा दिवस उरले हिच्या वाढदिवसाले. तवापर्यंत अर्ज नाई गेला, तर हिले सोडून जा म्हनतेत. काऊन अडला कागद?"

अठरा वर्षांची ती अट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. घरी माझी पत्नी ती सांगायला बसली होती आणि मी तिला वरणावरच थांबवले होते.

त्यांना पाठवून मी कामाला लागलो. कथित घटनेच्या दिवशी त्या बीटवर कोण होते हे पाहायला स्टेशन डायरी उघडली. त्या तारखेचे पान बंदोबस्ताच्या नोंदींनी भरले होते. कोणत्या गावात किती कर्मचारी, कुठे बैल किती वाजता जमणार, मिरवणूक कुठून. तो दिवस पोळ्याचा होता.

आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. निंदणाला बाया जात नाहीत. सगळे गाव बैलजोड्या घेऊन तोरणाखाली असते, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत. त्या दिवशी धुऱ्यावर दोन माणसे भांडली असती, तर त्याची चर्चा तालुकाभर झाली असती. तक्रारदार जन्माने शेतकरी. अशी चूक तो करणार नाही. तारीख दुसऱ्याच कोणीतरी टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांना बोलावले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, गावात वजन असलेला माणूस. मी तक्रारीचे नाव काढले नाही.

"पोळा कसा झाला यंदा?"

"बढिया झाला जी. पाऊसपानी बरा होता."

"तुमची जोडी कितवी होती?"

"कितवी म्हनजे? पहिलीच. मानाची जोडी हाय आमची. आमी आल्याशिवाय तोरन तुटत नाई."

"मग दुपारी शेतावर चक्कर मारली असेल."

ते मोठ्याने हसले. "साहेब, तुमी बी! पोळ्याले शेतात कोन जाते? पाप लागते. त्या दिवशी एक मानूस धुऱ्यावर दिसनार नाई तुमाले."

मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आणि वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. मग तक्रार पुढे ठेवली आणि तारखेवर बोट ठेवले.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "तारीख मी नाई सांगितली जी. जमादारानं टाकली."

"आणि विळा?"

"घरचा मामला हाय साहेब. तुमी कायले मधात पडता?"

"घरचा मामला तुम्ही ठाण्यात आणलात."

तेव्हा ते बोलले. आमगावकडच्या एका घराला त्यांनी पुतणीसाठी शब्द दिला होता. मुलीच्या बापाला विचारले नव्हते. अठरा पूर्ण झाले की लग्न लावता येते, आणि अठरा पूर्ण झाले की व्हिसा मिळत नाही. एक तारीख टळली की दोन्ही कामे होणार होती.

"पोरीच्या भल्याचंच करून राहिलो," ते म्हणाले. "तिकडं गेली का पोरगी हातची जाते. समाजात मी काय तोंड दाखवू?"

"वयाची अट तुम्हाला कोणी सांगितली?"

"तिनंच. फारम आला तवा मी म्हटलं, वाचून दाखव बाई मले बी. तिनं पूर्ण वाचून दाखवला."

नोकरीत मी अनेक कबुल्या ऐकल्या. ही ऐकून मला खुर्चीवरून उठावे लागले. मुलीने आनंदाने, शब्दाचा अर्थ सांगत, एकेक कलम या माणसाला समजावले होते. त्याने ते लक्ष देऊन ऐकले होते.

जमादाराला समोर घेतले. तो कोल्हापूरकडून बदलून पोळ्यानंतरच आमच्याकडे रुजू झाला होता. त्याच्या भागात बैलांचा सण बेंदूर, तो कितीतरी आधी होऊन जातो. पडताळणीच्या अर्जाआधीची एखादी तारीख हवी म्हणून त्याने बोटावर मोजून एक लिहिली होती. त्याने पैसा घेतला नव्हता. घेतला असता तर मला त्याच्या वागण्याचा अर्थ तरी लागला असता.

"साहेब, घरातली मोठी माणसं आहेत," तो म्हणाला. "मुलगी सज्ञान होईपर्यंत थांबवा, एवढंच म्हणाले. त्यानंतर मी कागद सोडणारच होतो."

तो हे चांगुलपणाच्या सुरात सांगत होता. मी त्याच्याविरुद्ध अहवाल पाठवला. त्याची वेतनवाढ रोखली गेली. मोठ्या बाबांवर खोटी माहिती दिल्याची कारवाई केली आणि पुतणीच्या इच्छेविरुद्ध लग्नाचे नाव काढले तर दारात उभा राहीन, असे साऱ्या घरासमोर सांगितले. हे सगळे नियमाप्रमाणे झाले. मुलीला त्याचा उपयोग झाला नाही.

आईचा अनुकूल अहवाल मी त्याच संध्याकाळी माणूस देऊन पाठवला. जिल्हा कार्यालयाने तो घेतला, पोच दिली. सही करणारे अधिकारी रजेवर गेले होते, नंतर सुट्ट्या लागल्या. मी फोन केले, घरी जाऊन विनवले. सगळ्यांनी सौजन्याने सांगितले की सुट्टी संपताच पहिला कागद हाच निघेल. तसा तो निघालाही.

मी घालवलेल्या अडीच आठवड्यांत हा कागद दोनदा जाऊन आला असता. पत्नीने मला ते कधीच बोलून दाखवले नाही. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या टेबलावरच बसून हे लिहितो आहे, दिवसाला एखादा परिच्छेद. तिने मला एकदाच ठाण्याची गोष्ट सांगितली, आणि तीच ऐकायची होती.

आईने जायचे नाही असे ठरवले होते. मुलीने ठाण्याच्या व्हरांड्यात तिच्याशी भांडण केले. "आई, भावाचं वय पण वाढून राहिलं आहे. तू थांबलीस तर त्याचंही जाईल. जा तू." आई आणि भाऊ गेले. मुलगी आधी वसतिगृहात राहिली, मग तिने परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले. आमगावची सोयरीक मोडली.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. ज्याला आम्ही किरकोळ म्हणतो, ते कोणासाठी किरकोळ हे आम्ही विचारत नाही. अहवाल नंतर, असा शेरा लिहिणाऱ्याला वाटते की त्याने काहीच केले नाही. आणि मुलीच्या भल्याची भाषा करणाऱ्यांपैकी एकानेही त्या मुलीला विचारले नव्हते. मोठ्या बाबांनी नाही, जमादाराने नाही, परदेशातल्या त्या नियमानेही नाही. आपल्याकडे अठरा पूर्ण म्हणजे ती आता लग्नाची. तिकडे अठरा पूर्ण म्हणजे ती आता घरातली नाही.

नंतर तिने भेटीसाठी साध्या पर्यटक व्हिसाचा अर्ज दोनदा केला. दोन्ही वेळा नकार आला. कारण दिले होते की अर्जदाराचे सगळे कुटुंब त्यांच्याच देशात आहे, त्यामुळे ती भारतात परत जाईल याची खात्री नाही. ते पत्र तिने मला आणून दाखवले. राहायला मागितले तेव्हा ती कुटुंबातली नव्हती. भेटायला मागितले तेव्हा होती.

आता ती गोंदियाच्या एका दवाखान्यात नोकरी करते आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आई, वडील आणि भाऊ तिकडे आहेत. तिच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही.