गारगोटीकडची कोबीची बरणी

पत्रकं वाटणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कुणीतरी पत्रक खरंच वाचलं आणि त्यात लिहिलंय तसंच केलं, याची. नाशिकहून कोल्हापूरच्या गाडीत बसलो तो हीच भीती घेऊन.

शेतमाल वाया जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेचं पत्रक साधं आहे. भाव पडला की कोबीच्या उभ्या शेतात गुरं सोडतात. एवढं पाणी, एवढी मेहनत, आणि शेवटी सगळं पायदळी! याचा संताप येत नसेल तर माणसाला संताप यावा तरी कशाचा? म्हणून आम्ही सांगतो : कोबी बारीक चिरा, मीठ चोळा, त्यालाच सुटलेल्या पाण्यात दाबून ठेवा, दोन-तीन आठवडे आंबू द्या. जर्मनीत याला सावरक्राउट म्हणतात आणि रोजच्या जेवणात खातात. तळाशी ठळक अक्षरांत सूचना : वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाका, गुलाबी किंवा काळं दिसलं तर सगळंच फेकून द्या.

गारगोटीजवळच्या एका गावातल्या शालनवहिनींनी हे वाचून चिनी मातीची मोठी बरणी भरली. बचत गटातल्या बायकांना रविवारी जेवायलाही बोलावलं. चांगलं लागलं तर सगळ्यांनीच आपापला कोबी असा राखायचा, नाहीतर गुरं आहेतच. मग त्यांनी मला बरणीचा फोटो पाठवला : आता उघडू का? बरणीच्या तोंडाशी मला लख्ख गुलाबी दिसलं. मी निरोप धाडला, "हात लावू नका, कुणी खाऊ नका, मी येतोय." त्यानंतर फोन लागेचना.

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि चहासुद्धा न घेता गारगोटीच्या गाडीत घुसलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कोबीचा एखादा निळसर तुकडा. मांडीवर माझी नमुन्याची बाटली होती. कुठल्याशा खड्ड्यात गाडी आदळली, झाकण फस्सकन उडालं आणि आंबट पाणी शेजारच्या काकांच्या पायजम्यावर.

"ओ पावणं (पाहुणे), काय मेलंय काय ह्यात?"

"कोबी आहे. आंबवलेला."

"नासलाय म्हणा की सरळ!"

"नासणं वेगळं, आंबणं वेगळं. तुम्ही दही खाता ना?"

"दही म्हशीचं असतंय. ह्ये कुणाचं?"

अख्खी गाडी हसली. काकांच्या हातात भडंगाचा (तिखट चुरमुऱ्यांचा) पुडा होता. त्यांनी बाटलीत दोन बोटं घातली, चिमूटभर कोबी भडंगावर टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले. "बरं हाय. पर ह्येला कांदा पायजे," असा निकाल देऊन त्यांनी निम्मी बाटली संपवली आणि ओल्या पायजम्यानिशी आपल्या थांब्यावर उतरून गेले.

गावात पोचलो तर शालनवहिनींच्या अंगणात बायकांची गर्दी. बरणी उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलेली. शेजारी वहिनींच्या सासूबाई, आक्का, पदर खोचून उभ्या.

"आला बघा कोबीचा डाक्टर," गर्दीतली एक बाई म्हणाली.

वहिनी रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. "तुमचा निरोप काय आला, गावभर झालं, शालनच्या बरणीत इख (विष) झालं म्हणून. मोबाइल पडलाय बंद, इचारू कुणाला? आता तुमीच बघा आणि तुमीच सांगा."

"सांगायचं काय त्यात?" आक्का म्हणाल्या. "वता उकिरड्यात. आणि ते गटबिट बी आजपास्नं बंद."

मी बरणीशी वाकलो. झाकणावरून बांधलेला दादरा (फडकं) ओलसर होता, गारवा राहावा म्हणून वहिनी तो रोज भिजवत. आणि त्यावर तेच गुलाबी. घाबरत बोट लावलं. कडेची कोरडी भुकटी बोटाला चिकटून आली.

"हे काय आहे?"

"गुलाल हाय की," आक्का म्हणाल्या.

"गुलाल? बरणीवर?"

"मग! जोतिबाला गेलतो. सुनंनं नवी बरणी भरली, चांगली उतरू दे म्हणून देवाचा गुलाल टाकला. नव्या म्हशीला टाकतो, नव्या गाडीला टाकतो. बरणीनं काय घोडं मारलंय?"

"वहिनी, तुम्ही फोटो पाठवतानाच सांगायचं ना!"

"सांगू काय? आमच्या घरात सगळंच गुलाबी हाय." खरंच होतं. उंबरा गुलाबी, म्हशीची शिंगं गुलाबी. त्या घरात तो डाग कुणाच्या डोळ्यांत भरणार?

मला हायसं वाटलं आणि त्याच दमात रागही आला. "आक्का, त्या रंगात काय काय असतं ठाऊक आहे? खायच्या वस्तूवर टाकतात का?"

"खायच्यावर कुठं? फडक्यावर टाकलाय. डोळं हायती न्हवं तुमाला?"

मी दादरा सोडून लांब ठेवला. झाकण धुतलं, पुसलं, मग उघडलं. आत गुलालाचा कण नव्हता. दाबायला ठेवलेला वरवंटा काढला, त्याखालची अख्खी पानं काढली. पाण्यावर जरासा पांढरा पापुद्रा होता, तो डावानं काढून टाकला. खाली फिकट पिवळा, पाण्यात बुडालेला कोबी. चिमूट उचलून तोंडात टाकली. सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं. करकरीत, आंबट, खारट, स्वच्छ. मी मटकन खाली बसलो.

"आगं बया, पडला की ह्यो!" कुणीतरी ओरडलं.

"पडलो नाही," मी म्हणालो. "चांगला झालाय. फार चांगला झालाय."

वहिनींनी बरणी उचलली आणि कुणाला हात लावू न देता स्वतः आत नेली.

मग जेवण. मी मनात कोशिंबिरीसारखी एक वाटी धरून आलो होतो. वहिनींनी मूठभर कोबी पिळून थेट गरम पिठल्यावर पसरला. थोडा धुऊन दाण्याचं कूट आणि दही घातलं. थोडा थालीपिठाच्या पिठात मळला आणि पिठात मीठच घातलं नाही. आमटी चुलीवरून उतरल्यावर त्यात चमचाभर. पोरांनी भाकरीत गुंडाळून पळवला तो वेगळाच. आक्कांनी आधी नाक मुरडलं, मग पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"डाक्टर, तुमच्या घरी ह्ये कोण करतंय?" मघाचीच बाई.

"मीच करतो."

"तरीच लगीन न्हाय झालं अजून."

पानावरून उठता उठता कुणाकडे किती बरण्या रिकाम्या आहेत याची चर्चा सुरू झाली. आक्का हात धुऊन आल्या. "गट ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर बरणी माझ्या खोलीत ठिवायची. हितं सगळ्यांचं हात लई चालत्यात." वहिनी पदराआड हसल्या.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मी आमचं पत्रक पुन्हा वाचलं. कोबी कसा चिरायचा, मीठ किती, जीवनसत्त्वं कोणती, दोष कुणाचा, सगळं आहे. तो कशाबरोबर खायचा, याबद्दल एक ओळ नाही. आम्ही लोकांना कोबी वाचवायला सांगत होतो. त्या दुपारी मात्र अंगणातली एकही बाई काही वाचवायला म्हणून जेवली नव्हती. तिला पिठल्यावर तो आवडला, एवढंच.

नवं पत्रक छपाईला दिलं आहे. संताप तोच आहे, फक्त दुसऱ्या पानावर गेलाय. पहिल्या पानाची सुरुवात अशी : आधी पिठलं-भाकरी करा. मग कोबीचं बोलू.