कोलशेत ते मानपाडा, हीटर लावून

रविवार, ९ नोव्हेंबर

दसऱ्यापासून इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी. ऑफिसच्या कामाचं कारण पुढे करता आलं असतं, पण ते खरं नाही. गाडी तापत होती आणि मला ते कबूल करायची लाज वाटत होती. जुनी स्पोर्ट्स कार कशी सांभाळावी यावर लोकांना सल्ले देणाऱ्याने स्वतःची गाडी टोचन लावून घरी आणली, हे कुठल्या तोंडाने लिहिणार?

नव्या वाचकांसाठी सांगतो. गाडी लाल, दोन दारांची, बुटकी आणि बावीस वर्षांची आहे. चालती असली की ठीक; गर्दीत थांबली की तापमानाचा काटा वर चढायचा. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, पंख्याचा रिले बदलला, प्रत्येक वेळी वहीत तारीख टाकून नोंद केली. शेवटी ठाण्यातल्या आमच्या कोलशेतच्या गॅरेजवाल्याने इंजिनमधलं सील, हेड गॅस्केट, गेल्याचं सांगितलं. म्हणजे इंजिन उघडायचं, आणि या गाडीचे पार्ट मिळायला सहा महिने. माझी बायको मनीषा म्हणाली, "बास झालं. आता वीक." कल्याणचे एक गृहस्थ आहे त्या स्थितीत घ्यायला तयार होते. त्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

त्याआधी एक शेवटचं मत घ्यावं म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला मानपाड्याला (ठाण्यातलं नव्हे, डोंबिवलीचं) निघालो. सुलभाताईंचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान तिथे आहे. कारखान्यांचा भाग असल्यामुळे ते शुक्रवारी बंद आणि रविवारी चालू असतं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

माजिवड्यावरून नाशिक हायवेला लागलो, मानकोलीला वळून खाडीवरच्या नव्या पुलाने डोंबिवली पश्चिमेत उतरलो. पूल सकाळी सुंदर असतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि धुकं. काटा मधोमध होता. पण कोपर पुलाआधी रिक्षांच्या रांगेत अडकलो आणि तो हलला. अशा वेळी एकच उपाय: गाडीतला हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत येते. काचा खाली, पायांवर गरम वाफा.

"लोक बायकोला लोणावळ्याला नेतात," मनीषा घाम पुसत म्हणाली. "तू मला भट्टीत बसवून डोंबिवली दाखवतोयस."

बाजूचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "वहिनी, गाडी भारी आहे, पण एसी करा ना चालू!"

ती इतकी हसली की मला जरा धीर आला.

सुलभाताई पन्नाशीच्या आहेत. नवऱ्यामागे हे दुकान त्या एकट्या चालवतात. मी वही उघडून सगळ्या दुरुस्त्या क्रमाने वाचू लागलो. दोन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं.

"दादा, ते राहू द्या. सुरू कधीपासून झालं?"

"दसऱ्यानंतर."

"हार घातलेलात?"

"घातलेला. का?"

"कुठे बांधलेलात?"

मी गाडीच्या नाकाखालच्या जाळीकडे बोट दाखवलं. या गाडीला हवा आत घ्यायला तेवढीच जागा आहे.

"किती दिवस ठेवलात?"

"आठवडाभर ठेवला," मनीषा म्हणाली. "मी काढायला गेले तर म्हणाला, राहू दे, लाल रंगावर झेंडू काय दिसतो!"

ताईंनी मान हलवली, वरच्या दोन पट्ट्या सोडवल्या आणि रेडिएटर मागे कलता केला. त्याच्या पुढे एसीची जाळी असते. ती मी समोरून दोनदा साफ केली होती. पण या दोन्हींच्या मधल्या फटीत ताईंनी बोटं घातली आणि काळपट पिवळा लगदा बाहेर काढला. पाकळ्या, आंब्याच्या पानांचे तुकडे, दोरा. परतीच्या पावसात भिजून त्याचं लापशीसारखं झालं होतं, मग ते वाळून चिकटलं.

"दिवाळीपर्यंत अशा चार-पाच येतातच," त्या म्हणाल्या. "देवाला हार घालताना कोणी नाकात घालतं का? बॉनेटवर ठेवायचा, संध्याकाळी काढायचा."

माझ्या वहीत पाच आठवड्यांतली प्रत्येक गोष्ट होती. हाराची नोंद नव्हती, कारण हार ही मला दुरुस्ती वाटली नव्हती. गाडीवर प्रेम करताना मी तिचा श्वास कोंडला, आणि आजार मात्र इंजिनच्या आत शोधत बसलो.

धुवायला तासभर लागला: मऊ ब्रश, पाण्याची बारीक धार, आणि तीही इंजिनच्या बाजूने बाहेर. प्रेशरचा पाइप मारू नका, जुन्या रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात. तोवर आम्ही शेजारी मिसळ खाल्ली. तिखट आहे, ताक आधीच मागवा.

"गॅस्केटचं काय?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू, गाडीला विचारा. उन्हात, गर्दीत घेऊन जा."

पुलावरून परतावं असं मला वाटत होतं. मनीषा म्हणाली, "नाही. कल्याणवरून चल. तापायची तर आजच तापू दे."

पत्रीपूल पार केला. दुर्गाडीजवळ दुपारी साडेबाराला पुढे ट्रक, मागे बस, आणि सगळंच थांबलं. हीटर बंद. काटा मधोमध, मग किंचित वर. पंखा सुरू झाला. मिनिटभर पंखा घोंघावला आणि थांबला. काटा जागेवर आला. वीस मिनिटांत असं तीनदा झालं.

चौथ्या वेळेची वाट न बघता मनीषाने फोन लावला. "नमस्कार, गाडीबद्दल बोलत होते. नाही, विकायची नाही आता. यांचं अजून नक्की नाहीये, पण माझं झालंय."

घरी येऊन तीन तास झाले. एका फेरीने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पाच आठवडे तापल्याने गॅस्केटला इजा झालीही असेल, मीच केलेली. पण आज पहिल्यांदाच हे इथे मोकळेपणाने लिहू शकतोय. कोलशेतच्या गॅरेजवाल्याला दोष द्यावा असंही वाटत नाही. त्याला हाराबद्दल मीच सांगितलं नव्हतं.

उद्या: इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघणे. ती घटली असेल तर गॅस्केटचा संशय खरा.