रायवळ आंब्याचा बाठा

त्यांनी दारात येऊन विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. हे आधीच सांगतो. नाहीतर त्यांच्याविषयी पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मीही त्यांच्यासारखाच असेन, असं तुम्हाला वाटेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भाईंदर पूर्वेला आमच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होत्या, मग निवृत्त झाल्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. सकाळी जिन्याच्या तळाशी ताटली घेऊन बसायच्या आणि पुढ्यातल्या कुत्र्यांना बजावायच्या, "होल्ड करा." कुत्री खरंच थांबायची. मग गाजराचे, काकडीचे, उकडलेल्या दुधीचे तुकडे एकेकाच्या तोंडात. काकडी आधी स्वतः चाखायच्या. सफरचंदाच्या बिया काढल्याशिवाय फोड देत नसत.

जवळच्या चेणे गावातून भाजी घेऊन येणारी बाई कुरकुरायची, "आमच्या पोरांना गाजर न्हाय, आन् तुमच्या कुत्र्यांना हाय."

"पाठव पोरांना," मावशी म्हणायच्या. "पण लाईनीत बसावं लागेल."

एक तांबडा कुत्रा त्यांचा फार लाडका. त्याचं भुंकणं लांबवर ऐकू जायचं, म्हणून नाव ट्रंककॉल.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. जिन्यात कुत्र्यांना खायला घालू नये, हे मीटिंगमध्ये मीच बोललो. "कंप्लेंट नोंदवली, सेक्रेटरी," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताटली गेटबाहेर गेली.

त्याच आठवड्यात गावाहून कुणाबरोबर तरी रायवळ आंबे आले. बायको-मुलं सुट्टीला तिकडेच होती. आमच्या रत्नागिरीकडे बाठा घरातल्या लाडक्या पोराला चोखायला देतात. मी दारात उभा राहून एकटाच खात होतो. ट्रंककॉल जिना चढून आला आणि समोर बसला. घर रिकामं होतं, मी बाठा त्याच्यापुढे धरला. तो चोखेल असं वाटलं होतं. त्याने मान झटकली आणि अख्खा गिळला.

मग तो ओकायला लागला. मावशींनी त्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि परत येऊन एकेक दार वाजवलं.

"डॉक्टर विचारतायत, काही गिळलंय का. हाड, बाठा, काहीही. नक्की कळलं तर पोट उघडून काढू म्हणतायत. तुम्ही काही दिलंत?"

"नाही हो. मी कशाला देऊ?"

"तेही खरंच. तुम्ही कशाला द्याल."

त्या पुढच्या दाराकडे वळल्या. मी दार लावून घेतलं. बाकीचे आंबे टोपलीत तसेच होते.

ट्रंककॉलने त्यांच्या उंबऱ्याशीच जीव सोडला.

पुढे त्यांनी ताटली बाहेर काढलीच नाही. सकाळी कुत्री गेटपाशी रांगेत बसायची आणि त्या पिशवी घेऊन त्यांच्याकडे न बघता निघून जायच्या. त्यांना वाटत होतं, गाजर जाड चिरलं गेलं म्हणूनच तो गेला. जिन्यात भेटल्या की बोटाचं पेर दाखवून विचारायच्या, "एवढेच तुकडे करायचे मी. हल्ली नीट दिसत नाही. मोठे व्हायचे का हो?"

"नसतील," मी म्हणायचो. 'नव्हते' असं एकदाही म्हणालो नाही.

डोळे फारच अधू झाले तेव्हा पुतण्याने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं. मी खाली गेलो. म्हटलं, "मावशी, थोडं बोलायचंय." टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "होल्ड करा," त्या त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बोला."

"बाठा मी दिला होता. ट्रंककॉलला."

त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा तो जिवंत होता."

"हो. चूक माझी होती. तुमचे तुकडे लहानच असायचे. माफ करा, मावशी."

टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. या वेळी त्यांनी त्याला थांबवलं नाही.